बॉनेट ‘लावलं’ की नुसतं ‘टेकवलं’?

ज्यांना हेडफोन लावून ऐकण्यापेक्षा लोकलमध्ये उभ्या उभ्या वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हे या भागाचं लिखित रूप. बोलताना शंभर वेळा आलेलं ‘ॲक्च्युअली’ काढून टाकलंय, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

आजचा विषय ऐकून काही जण हसतील. गाडीच्या बॉनेटची लॅच. तेही आजच्या गाडीची नाही, तर शंभर वर्षांपूर्वीच्या, राजे-महाराजे आणि उद्योगपती ज्या गाड्यांतून फिरायचे त्यांच्या बॉनेटची. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, माझा आणि पान्या-स्क्रू ड्रायव्हरचा संबंध कॉलेजच्या वर्कशॉपपुरता. मग या भानगडीत मी कशी पडले? तिथूनच सुरू करते.

उंब्रजच्या अलीकडे

गेल्या उन्हाळ्यात आम्ही पुण्याहून कोल्हापूरला निघालो होतो. मी चालवत होते, बाबा शेजारी, आई मागे. गाडी बाबांची, पंधरा वर्षं जुनी. सातारा सोडल्यावर एका पंपावर थांबलो. काचेवर मारायचं पाणी संपलं होतं म्हणून मी बॉनेट उघडलं, पाणी भरलं आणि हाताने हळूच दाबून बंद केलं. ‘टक्’ असा आवाज आला. झालं की!

उंब्रज यायच्या अलीकडे वेग नव्वदच्या आसपास होता. शेजारून एक कंटेनर गेला, हवेचा झोत आला आणि फट्‌दिशी आवाज करून बॉनेट दोन बोटं वर उचललं गेलं. तिथेच थांबलं आणि थरथरायला लागलं. मला पुढचं काही सुचेना.

बाबा अगदी शांतपणे म्हणाले, “घाबरू नकोस. ब्रेक एकदम दाबू नकोस. पाय काढ, इंडिकेटर दे, डावीकडे घे.”

“बाबा, पण मी लावलं होतं हो. आवाज आला होता!”

“नंतर बघू. आधी बाजूला घे.”

बाजूला घेतली. पुढे थोड्या अंतरावर एक गॅरेज होतं, तिथवर हळूहळू गेलो. तिथल्या मिस्त्रींनी बॉनेटच्या फटीत बोट घालून एक छोटा हूक दाखवला. “ताई, हा दुसरा हूक आहे. याने धरलं म्हणून वाचलात. नाहीतर आख्खं बॉनेट काचेवर आलं असतं.” आणि मग ते जे म्हणाले, ते माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

“तुम्ही बॉनेट लावलं नव्हतं. नुसतं टेकवलं होतं.”

लावणं आणि टेकवणं. बाहेरून बघितलं तर दोन्ही सारखंच दिसतं. आमच्या धंद्यात आम्ही ज्याला ‘स्टेट’ म्हणतो, म्हणजे एखादी वस्तू या क्षणी कुठल्या अवस्थेत आहे, तो सगळा प्रश्न त्या मिस्त्रींनी एका वाक्यात सांगितला. घरी आल्यावर मी शोधत बसले की हा दुसरा हूक आला कुठून? आधी कसं होतं? आणि तो धागा धरून मी थेट १९०६ सालात पोहोचले.

छपरासारखं बॉनेट

आधी नावाचा गोंधळ मिटवू. अमेरिकेत इंजिनावरच्या झाकणाला ‘हूड’ म्हणतात. ब्रिटनमध्ये मात्र हूड म्हणजे गाडीचा कापडी टप, आणि इंजिनावरचं झाकण म्हणजे बॉनेट. आपण गाड्या ब्रिटिशांकडून शिकलो, म्हणून आपल्या गॅरेजमध्येही बॉनेटच.

आता १९०६ च्या सुमाराची एक मोठी, महागडी गाडी डोळ्यांसमोर आणा. उदाहरण म्हणून रोल्स-रॉईसची ४०/५० हॉर्सपॉवर घेऊ, जिला आपण सगळे ‘सिल्व्हर घोस्ट’ नावाने ओळखतो. सहा सिलिंडर, सात लिटरच्या वर इंजिन. आजच्या साध्या हॅचबॅकच्या इंजिनाच्या जवळजवळ सहापट!

या इंजिनावरचं बॉनेट आजच्यासारखं एकच पत्रा नव्हतं. कौलारू घराचं छप्पर आठवा. मधोमध आढं, दोन्हीकडे उतार. तसं या बॉनेटच्या मधोमध, गाडीच्या लांबीच्या दिशेने, एक सलग लांब बिजागरी असायची. दोन पत्रे वरचे, दोन बाजूंचे, आणि वरचा-बाजूचा पत्रा जोडणारी आणखी एकेक बिजागरी. म्हणजे चार पत्रे, तीन बिजागऱ्या. डावीकडचं काम असेल तर डावा पंख उचलायचा, उजवीकडचं असेल तर उजवा.

दोन बाजू का? कारण दोन्हीकडे काम असायचं. सिल्व्हर घोस्टमध्ये ठिणगी पाडायच्या दोन स्वतंत्र व्यवस्था होत्या, त्यामुळे सहा सिलिंडरला बारा प्लग. शिवाय तेल बघा, कार्ब्युरेटर बघा, नळ्या बघा. आज आपण बॉनेट वर्षातून दोनदा उघडतो. तेव्हा शोफर ते रोज उघडायचा, कधी कधी वाटेत चार वेळा. आणि जी गोष्ट रोज उघडावी लागते, तिची कडी रोजच्या वापराने झिजते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बॉनेट टेकायचं कशावर? पुढची कड रेडिएटरच्या कवचावर आणि मागची कड चालकाच्या पुढ्यातल्या आडव्या भिंतीवर. पत्र्यावर पत्रा घासून कुरकुर होऊ नये म्हणून त्या कडांवर विणलेली जाड नाडी बसवायचे. आपल्या खिडकीच्या फटीला रबराची पट्टी लावतो ना, तसंच.

आणि इथे एक गंमत. रोल्स-रॉईस कंपनी त्या काळी पूर्ण गाडी विकतच नव्हती. ती चॅसिस विकायची: इंजिन, चाकं, रेडिएटर, बॉनेट. बाकी बॉडी बार्कर, हूपर अशा बॉडी बांधणाऱ्या कारखान्यांतून गिऱ्हाईक आपल्या पसंतीने बांधून घ्यायचं. म्हणजे बॉनेट एकाचं आणि त्याच्या मागची बॉडी दुसऱ्याची. दोन वेगळ्या टीमनी लिहिलेला कोड जिथे जोडला जातो, तिथेच सगळे बग निघतात, हे आमच्यातल्या कुणालाही विचारा. दोघांच्या कामाचा सांधा बरोबर बॉनेटच्या मागच्या कडेपाशी यायचा.

‘सुरक्षित’ हा शब्द फसवा आहे

मराठीत आपण ‘सुरक्षित’ म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतो. एक, ते आपोआप उघडणार नाही. दोन, ते परक्या माणसाला उघडता येणार नाही. घराच्या दाराला वाऱ्याने आपटू नये म्हणून खिटी लावतो आणि चोर येऊ नये म्हणून कुलूप लावतो. दोन्हीचं काम वेगळं. खिटीने चोर अडत नाही. आणि नुसतं कुलूप लावून दार वाऱ्यात खडखडत राहिलं तर रात्रभर झोप नाही.

जुन्या महागड्या गाडीला या दोन्ही गोष्टी बॉनेटवरच हव्या होत्या. आज आपण बॉनेट उघडायला केबिनमधला लिव्हर ओढतो. म्हणजे केबिनचं दार बंद तर बॉनेटही बंद. त्या काळच्या कित्येक गाड्या मात्र वरून उघड्या. काचा नाहीत, कापडी टप. कुणीही हात घालावा. आत लिव्हर ठेवून उपयोग काय?

आणि बॉनेटखाली चोरण्यासारखं बरंच काही होतं. सगळ्यात मोलाचा मॅग्नेटो. हा फिरला की स्वतःच वीज तयार करतो आणि प्लगला ठिणगी देतो, त्याला बॅटरी लागत नाही. आता खरी मेख ऐका. मॅग्नेटो बंद कसा करायचा? त्याची वीज एका वायरने गाडीच्या सांगाड्यात सोडून द्यायची, म्हणजे ‘अर्थ’ करायची. चालकापाशी जो स्विच असतो तो हेच करतो. म्हणजे वायर जोडली तर इंजिन बंद, आणि वायर तुटली तर इंजिन सुरू व्हायला तयार!

चोराने बॉनेट उघडून ती एक वायर काढली की स्विचला काही अर्थच उरत नाही. पुढे हँडल मारायचं आणि निघायचं. सायबर सिक्युरिटी शिकवणारे आम्हाला सांगतात की मशीनला प्रत्यक्ष हात लागला की पासवर्डचं फारसं काही चालत नाही. १९१० च्या गाडीत तो ‘प्रत्यक्ष हात’ अडवणारी एकच गोष्ट होती, बॉनेटची कडी.

ही भीती फार पुढेपर्यंत टिकली. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, जर्मन सैन्य ब्रिटनमध्ये उतरेल अशी धास्ती होती. तेव्हा तिथे उभी करून ठेवलेली गाडी निकामी करून ठेवणं सक्तीचं होतं. लोक बॉनेट उघडून डिस्ट्रिब्युटरमधला रोटर आर्म काढायचे आणि खिशात घालून न्यायचे.

चला, आपणच एक लॅच बनवू

आता समजा साल १९१० आहे. तुम्ही डिझायनर आहात आणि मालकाने काम दिलंय की या गाडीच्या बॉनेटला चांगली लॅच बसवा. आधी अटी लिहून काढू.

पहिली अट, वारा. हवेचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ५० किलोमीटरला समोरून येणाऱ्या हवेचा दाब चौरस मीटरला साधारण १२ किलो वजनाइतका. वेग दुप्पट केला, १००, तर दाब चौपट, सुमारे ४७ किलो. १९११ साली सिल्व्हर घोस्टच्या एका खास गाडीने ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर ताशी ७८ मैलांचा वेग गाठला, म्हणजे सुमारे १२६ किलोमीटर. तिथे हा आकडा ७५ किलोच्या घरात जातो. हा सगळा दाब बॉनेट उचलत नाही, हे खरं. पण रेडिएटरमधून आत शिरलेली हवा पत्र्यांना आतून बाहेर ढकलतेच. बाजूच्या पत्र्यांत त्या तिरप्या झडपा कापलेल्या दिसतात ना, त्या गरम हवेला वाट द्यायला आणि हा दाब कमी करायला.

दुसरी अट, उष्णता. बॉनेट ॲल्युमिनियमचं आहे आणि लांबी सव्वा मीटरच्या आसपास आहे असं धरू. सकाळी थंड आणि दुपारी घाट चढताना ६० अंशांनी जास्त गरम. ॲल्युमिनियम तेवढ्या उष्णतेने सुमारे १.७ मिलिमीटर लांब होतं. ज्या पोलादी चॅसिसवर ते बसलंय, ते एवढं तापत नाही आणि तापलं तरी निम्मंच वाढतं. म्हणजे सकाळी अगदी अचूक बसलेली कडी दुपारी किंचित सरकलेली असणार.

तिसरी अट, आणि ही सगळ्यात खट्याळ: चॅसिस पिळवटतं. त्या काळचं चॅसिस म्हणजे जमिनीवर आडवी ठेवलेली शिडी. डावं पुढचं चाक खड्ड्यात गेलं की ती शिडी पिळली जाते. रेडिएटर एका बाजूला कलतो, मागची भिंत दुसऱ्या. आणि मधे अडकलेलं बिचारं बॉनेट! त्याला चारही कोपऱ्यांत कडक स्क्रूने आवळलंत तर पत्राच पिळेल, चिरेल, नाहीतर कडी सुटेल.

हे कागदावरचे खड्डे नव्हते. १९०८ साली मुंबई–कोल्हापूर अशी मोटारींची एक कठीण चाचणी झाली होती. त्यात ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची सिल्व्हर घोस्ट उतरली. ६२० मैलांचं अंतर, मधे सह्याद्रीचे घाट, आणि रस्ते तेव्हाचे. गाडीने ते सगळं कुठेही सक्तीने न थांबता पार केलं. पुढे ती ग्वाल्हेरच्या महाराजांनी विकत घेतली. हे वाचलं तेव्हा मी जरा वेळ फोन बाजूला ठेवून बसले. आम्ही कोल्हापूरलाच निघालो होतो, चौपदरी रस्त्याने, आणि आमचं बॉनेट उंब्रजपर्यंतही धड टिकलं नाही.

चौथी अट माणसाची. शोफरच्या हातात जाड मोजे, बाहेर अंधार, पाऊस, इंजिन तापलेलं. कार्ब्युरेटरपाशी पेट्रोल सांडून पेट घेतला तर सेकंदांचा खेळ. एका हाताने, न बघता, चटकन उघडलं पाहिजे.

पाचवी अट मालकाची. खडखड नको आणि दिसायला चांगली हवी. एवढे पैसे मोजलेत!

आता पर्याय बघू.

सगळ्यात साधा म्हणजे चामड्याचा पट्टा. बॉनेटवरून आडवा घ्यायचा आणि बकलने आवळायचा. घोड्याचा खोगीर कसतात तसा. रेसच्या गाड्यांवर हा वर्षानुवर्षं होता. १९२० च्या दशकात ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यती जिंकणाऱ्या बेंटली आठवा, त्यांच्या बॉनेटवर हा पट्टा दिसतो. चामडं थोडं ताणतं, म्हणून पिळवटणाऱ्या चॅसिसबरोबर जुळवून घेतं. पण पावसात भिजलं की सैल पडतं, आणि चोराला तर ते आमंत्रणच.

दुसरा पर्याय स्प्रिंगचा हूक. खाली चॅसिसवर हूक, त्यात स्प्रिंग, आणि बॉनेटच्या खालच्या कडेला तो अडकवायचा. दर बाजूला दोन. ही कल्पना साधी दिसते, पण फार हुशार आहे. स्प्रिंग सतत खाली ओढत राहते, म्हणून बॉनेट नाडीवर घट्ट बसतं. उष्णतेने पत्रा दीड मिलिमीटर वाढला, चॅसिस पिळलं, कडी झिजली, तरी तेवढी कसर स्प्रिंग भरून काढते. मघाशी म्हटलं होतं ना, रोजच्या वापराने कडी झिजते? त्यावरचा उपाय हाच. अचूक बसवण्यापेक्षा चूक पोटात घालणारं डिझाइन करा.

या हुकाचा एक प्रकार काचेच्या हवाबंद बरणीच्या तारेच्या क्लिपसारखा चालतो. क्लिप खाली ढकलताना मधे एका जागी सगळ्यात जास्त जोर लागतो आणि तो बिंदू ओलांडला की ती स्वतःहून ‘खट्’ करून बसते. त्यानंतर झाकण आतून वर ढकलाल तेवढी क्लिप आणखी घट्ट होते. म्हणजे तिला दोनच जागा आवडतात: पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद. मधल्या जागी ती थांबतच नाही. लावणं आहे, टेकवणं नाही!

तिसरा पर्याय हँडलचा. आणि इथे आपल्या घरातली ओळखीची वस्तू येते, गोदरेजचं कपाट. हँडल खाली फिरवलं की आतल्या दोन सळया निघतात, एक वर आणि एक खाली, आणि चौकटीच्या भोकांत जाऊन बसतात. एकच हँडल, दोन ठिकाणी पकड. १९२० आणि १९३० च्या दशकातल्या कित्येक महागड्या गाड्यांच्या बॉनेटवर दर बाजूला मधोमध असं एकच हँडल दिसतं. ते फिरवलं की पुढची आणि मागची कडी एकदम सुटते. निकेलचा, नंतर क्रोमचा मुलामा दिलेलं ते हँडल दागिन्यासारखं चमकायचं. मोजे घातलेल्या हातात नीट यायचं.

पण मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. एका व्हिंटेज गाड्यांच्या प्रदर्शनात एक काका आपल्या जुन्या गाडीपाशी उभे होते. मी विचारलं, “काका, बॉनेट नीट लागलंय हे तुम्हाला कसं कळतं?” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जणू मी दोन अधिक दोन विचारलंय. म्हणाले, “अगं, हँडल बघ की. आडवं आहे म्हणजे बंद. तिरकं असेल तर गाडी हलवायची नाही.”

दहा पावलांवरून कळतं! गाडीच स्वतःची अवस्था सांगते. आमच्या बॉनेटने मला काय सांगितलं होतं? एक ‘टक्’. आणि तो टक् खोटा नव्हता, पण अर्धाच होता.

कुलूप वेगळं, सील वेगळं

हँडल आलं की त्यात किल्लीचं कुलूप बसवणं सोपं होतं. हँडल फिरूच द्यायचं नाही, बस. पण किल्ली कसली, यावर सगळं ठरतं. रेल्वेच्या डब्यात कर्मचाऱ्यांकडे चौकोनी खाचेची एक चावी असते. ती एका डब्याची नसते, सगळ्याच डब्यांना चालते. अशी चावी पोरासोरांना अडवते, तयारीने आलेल्याला नाही. थोडक्यात ‘१२३४’ हा पासवर्ड. प्रत्येक गाडीची वेगळी किल्ली असेल तरच त्याला खरं कुलूप म्हणायचं. मग आणखी एक प्रश्न येतो: शोफरने किल्ली हरवली आणि घाटात गाडी तापली तर? जितकं चोराला अवघड, तितकं आपल्यालाही अवघड. यावर फुकटचं उत्तर तेव्हाही नव्हतं, आजही नाही.

अजून एक मजेशीर प्रकार. त्या काळच्या काही विश्वासार्हता चाचण्यांमध्ये गाडीच्या बॉनेटला सील लावायचे, म्हणजे वाटेत कुणी गुपचूप दुरुस्ती केली की पकडलं जाईल. सील कुणाला अडवत नाही, ते तोडता येतं. पण तोडलं हे लपवता येत नाही. घरी गॅस सिलिंडर आला की आई आधी काय बघते? सील. कुलूप म्हणतं, “तू उघडू शकत नाहीस.” सील म्हणतं, “उघड खुशाल, पण मला कळेल.” दोन्हींची गरज वेगवेगळ्या वेळी लागते, आणि एकाचं काम दुसऱ्याकडून होत नाही.

बिजागरी फिरली आणि खेळ बदलला

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तो दुसरा हूक कुठून आला?

छपरासारख्या बॉनेटचा एक छुपा फायदा होता. बिजागरी मधोमध, गाडीच्या दिशेने. समजा एका बाजूची कडी चालत्या गाडीत सुटली, तर तो पंख बाजूला फडफडेल, आवाज करेल, कदाचित वाकेल. पण बिजागरीमुळे तो उलटून काचेवर येऊ शकत नाही. म्हणजे लॅच फसली तरी चालकाला समोरचा रस्ता दिसत राहतो.

१९३० च्या दशकात गाड्यांचा आकार बदलायला लागला. मडगार्ड फुगले, बॉनेटला चिकटले, हेडलाइट त्यांच्यात शिरले. बाजूने उभं राहून इंजिनापर्यंत हात पोहोचेना. मग बॉनेट मागे काचेपाशी बिजागरी लावून पुढून उघडायला सुरुवात झाली, मगरीच्या जबड्यासारखं. अमेरिकेची कॉर्ड ८१० ही गाडी १९३५ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात आली तेव्हा तिचं बॉनेट असं मागे बिजागरी असलेलं होतं, आणि तेव्हा ते वेगळं वाटायचं. रोल्स-रॉईससारख्या कंपनीने मात्र घाई केली नाही. १९५५ साली आलेल्या सिल्व्हर क्लाउडलाही दोन पंखांचंच बॉनेट होतं. १९६५ च्या सिल्व्हर शॅडोपासून ते बदललं.

नवीन आकार दिसायला सुंदर, वापरायला सोपा. पण आता लॅच कुठे आली? अगदी पुढे, जिथे वारा थेट धडकतो. ती सुटली की वारा फटीत शिरणार आणि आख्खं बॉनेट उचलून काचेवर आपटणार. नव्वदच्या वेगाला चौरस मीटरमागे ३८ किलोचा दाब, आणि चालकापुढे एकदम पत्र्याची भिंत. भाग तोच, कामही तेच, पण फसल्यावर काय होतं ते पूर्ण बदललं. पूर्वी लॅच सुटणं ही कटकट होती. आता तो जीवघेणा प्रकार झाला.

म्हणून दुसरा हूक. पहिली लॅच घट्ट धरण्यासाठी, दुसरी फक्त पहिली सुटली तर पकडण्यासाठी. अमेरिकेत १ जानेवारी १९६९ पासून हे नियमातच आलं. पुढून उघडणारं बॉनेट वर येऊन चालकाची नजर अडवत असेल, तर त्याला लॅचचा दुसरा टप्पा किंवा दुसरी स्वतंत्र लॅच हवीच.

काहींनी बिजागरीच पुढे नेली. १९६१ च्या जॅग्वार ई-टाइपचं बॉनेट पुढच्या टोकाला बिजागरी असलेलं आहे, त्यामुळे वारा ते उलट खाली दाबतो. आणि तिच्या पहिल्या साधारण पाचशे गाड्यांना बॉनेटची कुलपं बाहेरून होती, टी आकाराच्या चावीने उघडायची. नंतर ती आत गेली. तीच जुनी ओढाताण: बाहेर ठेवू की आत?

मग माझं चुकलं कुठे?

आता सगळं जुळवून बघते. दुसरा हूक आल्यामुळे जीव वाचतात, माझाही वाचला. पण त्यानेच एक नवी अवस्था जन्माला घातली, जी १९१० च्या हँडलला माहीतच नव्हती. उघडं, बंद, आणि मधलं ‘अर्धं बंद’. मी हळूच दाबलं तेव्हा दुसऱ्या हुकाने पकडलं, टक् वाजलं आणि मी निघाले. चूक पोटात घालणारी गोष्टच चूक झाकून ठेवत होती.

हे मला माझ्या कामातही रोज दिसतं. मुख्य सर्व्हर पडतो, बॅकअप गुपचूप काम उचलतो, सगळे खूश. कुणाला कळतच नाही की आपण आता शेवटच्या हुकावर चाललोय. मग एक कंटेनर शेजारून जातो. त्या ट्रिपनंतर मी आमच्या टीममध्ये एक छोटासा बदल करून घेतला: बॅकअप चालू झाला की तो गप्प बसणार नाही, ओरडणार. माझ्या मॅनेजरला अजून माहीत नाही की ही कल्पना उंब्रजजवळच्या एका मिस्त्रींची आहे.

तुमच्यासाठी तीनच गोष्टी. बॉनेट बंद करताना आपल्या गाडीच्या पुस्तकात सांगितलंय तसं करा. बऱ्याच गाड्यांत ते वीत-दीड वीत उंचीवरून सोडायचं असतं, हाताने टेकवायचं नसतं. बंद केल्यावर पुढची कड धरून वर ओढून बघा. जराही हललं तर ते लागलेलं नाही. आणि सर्व्हिसिंगला द्याल तेव्हा सांगा, दुसरा हूक गंजलाय का बघा, त्याला जरा तेल-ग्रीस करा. तो वर्षानुवर्षं काही करत नाही, आणि ज्या दिवशी करायचं असतं त्या दिवशी त्याला जमलंच पाहिजे.

परवा परत कोल्हापूरला निघालो. पंपावर मी बॉनेट सोडलं, धाडकन आवाज आला. आई मागून ओरडली, “अगं हळू, मोडशील!”

बाबा खाली उतरले, पुढे गेले, कड धरून वर ओढून बघितली. हललं नाही. काही न बोलता परत येऊन बसले आणि म्हणाले, “लागलंय. चल.”

चला तर मग, या भागात एवढंच. तुमच्या गाडीच्या, कपाटाच्या, दाराच्या कडीचा असा काही किस्सा असेल तर नक्की कळवा. आणि हो, आज घरी गेलात की एकदा बॉनेट ओढून बघाच. भेटू पुढच्या भागात!